टाचलेली पानं

उदेयाकूला पुरुषांचे कोपर बघायची खोड होती. बसमध्ये, बाजारात, चर्चच्या बाकावर, जिथे कुठे पन्नाशी ओलांडलेला पुरुष दिसेल तिथे तिची नजर आधी त्याच्या डाव्या कोपराकडे जायची आणि मग तोंडाकडे. बाही लांब असली तर ती चक्क थांबून राहायची. बाजारातल्या एका शिंप्याने तिला एकदा विचारलंच, की बाई, माझ्या शर्टाचं माप घेताय की माझं? नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली बाई, त्यातून शाळेत शिकवणारी, तेव्हा गावाने या खोडीवर दोन-तीन वर्षं मजेत काढली. मग विषय शिळा झाला. खोड राहिली.

ती इतिहास शिकवायची असं म्हणायचं, पण मधली बरीच वर्षं सरकारने शाळेतून इतिहासच काढून टाकला होता. मुलांना नोकरीधंद्याला उपयोग नाही म्हणे. त्या काळात उदेयाकूने रस्ता कसा ओलांडावा आणि हात का धुवावेत हे शिकवलं, आणि कुणी चौकशी केली तर सांगायची, की मी सध्या हात धुवायची मास्तरीण आहे. इतिहास परत आला तेव्हा तिच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. बेचाळीस नवी पुस्तकं आली. गठ्ठ्याची दोरी कापून तिने पहिलं पुस्तक काढलं, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं आणि थेट अडुसष्टावं पान उघडलं.

अडुसष्ट आणि एकोणसत्तर, समोरासमोरची दोन पानं. युद्धावर एवढंच. आमच्या भागाने वेगळा देश मागितला त्यावरून पेटलेलं तीस महिन्यांचं युद्ध, ज्यात आमच्याकडच्या प्रत्येक घराचं काही ना काही गेलं, ते दोन पानांत आवरलं होतं, आणि त्यातलं अर्धं पान एका फोटोने घेतलं होतं. फोटोत एक उघडं मूल उभं होतं. मोठं डोकं, फुगलेलं पोट, पाय म्हणजे नुसत्या काड्या. खाली नाव नव्हतं. उदेयाकूने टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि त्याचा डावा हात पाहिला. तो पाठीमागे होता.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, हर्मटनच्या कोरड्या वाळवंटी वाऱ्याच्या धुळीने फळाही धड दिसत नव्हता तेव्हा, तिने नववीच्या वर्गाला ते पान उघडायला सांगितलं. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिने महिनाभर मनात घोळवलं होतं. पण ती वेळच आली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर आपली क्वाशी," आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

क्वाशी म्हणजे ओलुएबुबे. घरीदारी सगळे तिला ओलू म्हणत. तेरा वर्षांची, उंच, जन्मापासून अंगाने काटकुळी. आमच्याकडे बारीक पोराला चिडवायचं तर त्या युद्धातल्या उपासमारीच्या आजाराचं नाव घेतात, क्वाशिओर्कोर, आणि मग लाडाने त्याचं क्वाशी करतात. चिडवणाऱ्याला ते नाव कुठून आलं हे ठाऊक नसतं, ज्याला चिडवतात त्यालाही नसतं. ओलूलाही नव्हतं. त्या दिवशी फोटोकडे बघताना तिला ते कळलं, आणि ती हसणाऱ्यांबरोबर हसायचं विसरली.

उदेयाकू वर्गावर ओरडली नाही. हे असलं हसणं तिने आधी एकदा ऐकलं होतं. तास संपायला वीस मिनिटं होती, ती तिने मुलांना देशाचा नकाशा काढायला लावून घालवली.

शुक्रवारी ओलूची आई शाळेत आली. ही बाई चौकात अकारा तळायची. तिच्या हातचे ते डाळीचे वडे खायला लोक दोन गावं ओलांडून येत, आणि तिची स्वतःची पोर तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती. तिने ते प्रिन्सिपलच्या टेबलापाशी उभं राहून, पदरचं काहीही न घालता सांगितलं. उदेयाकूलाही तिथे बोलावून घेतलं होतं.

"सर, मी पोरीला शाळेत घातलंय ते नर्स करायला," ओलूची आई म्हणाली. "आमच्या घरात कोण कसं मेलं ते मी अजून माझ्या सासूला विचारलेलं नाही. पंधरा वर्षं झाली लग्नाला, नाही विचारलं. आणि ही मला विचारते, आई, आपल्या अंगणात किती पोरं पुरलीत? मी तळणीवर उभी होते. काय सांगू मी तिला?"

उदेयाकूकडे तिने पाहिलंही नाही. जाताना मात्र तिच्यापाशी थांबून हळूच म्हणाली, की तुम्ही वाईट नाही हो मॅडम, पण वड्यालाही हात लावत नाही ती.

प्रिन्सिपल एजिमोफोरने दार लावून घेतलं. तो आणि उदेयाकू एकाच वयोगटातले. आमच्याकडे दोन-तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेली पोरं एका गटात धरतात, आणि तो गट मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे चारचौघांत ती त्याला प्रिन्सिपल म्हणायची आणि दार लावलं की एजी. लहानपणी हा एजी म्हणजे गावातला अव्वल नकल्या होता. फादरची चाल, बाजारातल्या वैदूची आरोळी, चर्चच्या गुरुजींचा नाकातला आवाज, सगळं हुबेहूब. आता मिशी पिकली होती आणि त्याला हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं.

"उदे, ती पानं टाचून टाक," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"स्टेपलरने. बेचाळीस पुस्तकं आहेत, सोमवारच्या आत. फाडायला नको, सरकारी माल आहे."

ती भांडली. पुष्कळ भांडली. पोरं आजाराच्या नावाने एकमेकांना चिडवतात ते न शिकवल्यामुळेच, असं म्हणाली. दहा वर्षं हात धुवायला शिकवलं, आता तरी शिकवू दे, असंही म्हणाली. एजिमोफोरने सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या आधीच्या शाळेतली हकिकत सांगितली. तिथे त्याने हौसेने एका म्हाताऱ्या सैनिकाला वर्गात बोलावलं होतं. म्हाताऱ्याने काही राखून ठेवलं नाही. पुढच्या महिन्यात चार मुलगे पुन्हा वेगळा देश मागत झेंडे घेऊन फिरणाऱ्या टोळीबरोबर रानात पळून गेले. तिघे परत आले.

"चौथ्याची आई मला अजून बाजारात भेटते," तो म्हणाला. "शिव्या दिल्या तर बरं वाटेल. ती वाकून नमस्कार करते, कसे आहात सर विचारते. तू मला सांग, त्या बाईसमोर मी इतिहास महत्त्वाचा असतो म्हणून सांगू?"

उदेयाकूने फक्त विचारलं, की मुलांना काय सांगायचं, सदुसष्टनंतर सत्तर येतं?

"ते गणिताच्या मास्तरांना सांगू दे," एजिमोफोर म्हणाला, आणि क्षणभर जुना एजी डोकावून गेला. "अगं, आपण दोघं नाही जगलो न बोलता? काय बिघडलं आपलं?"

आपलं काय बिघडलं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण पन्नास वर्षं जे सांगितलं नाही ते प्रिन्सिपलच्या खोलीत कुठे सांगणार. तिने स्टेपलर उचलला आणि पिनांची डबी मागून घेतली.

शनिवारी शाळा रिकामी होती. ती स्टाफरूममध्ये हाताशी पुस्तकांची चळत घेऊन बसली. प्रत्येक पुस्तकाला तीन पिना, वर, मध्ये, खाली. सात-आठ पुस्तकं झाल्यावर हाताला लय सापडली आणि मन मोकळं सुटलं. सुटलं की ते कुठे जातं हे तिला पाठ होतं.

ती सात वर्षांची होती आणि तिचा भाऊ ओबियेफुना चार. बाप सैन्यात गेला तो गेलाच. आई इतर बायकांबरोबर शत्रूच्या हद्दीतल्या बाजारातून मीठ आणायला गेली होती, आणि अशी गेलेली बाई आठवड्याने परत येईल की महिन्याने की येणारच नाही, हे कुणी सांगू शकत नसे. घरात पायांनी अधू झालेली आजी, ती आणि तो. एकदा तिने पामचं तेल तापवलं, रानातल्या पाल्यावर घालायला तेवढंच होतं, आणि उतरवताना ते त्याच्या डाव्या कोपरावर सांडलं. तो फारसा रडलासुद्धा नाही, इतकी ताकद गेली होती. मग पोट फुगलं, केस तांबूस झाले. आजी म्हणाली, नन्सच्या दवाखान्यात घेऊन जा, त्या आजारी पोरांना विमानाने समुद्रापलीकडे पाठवतात, तिथे दूध मिळतं.

त्याच्याआधी आईची दोन मुलं तान्हेपणी गेली होती. अशा घरात पुढचं मूल जगावं म्हणून आमच्याकडे त्याला एखादं टाकाऊ नाव देतात, म्हणजे मरणाला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. आजीने त्याला न्वाइक्पो म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे उकिरड्यावरचं पोर. आईला ते मुळीच खपत नसे. ती चर्चच्या शाळेत शिकलेली. तिने हौसेने ओबियेफुना नाव ठेवलं होतं, घर हरवू नये अशा अर्थाचं, आणि कुणाच्या तोंडून ते दुसरं नाव निघालं की ती थोबाडीत द्यायची. पण आई घरात नव्हती. नात निघताना आजीने तिचा दंड घट्ट धरला.

"खरं नाव कुणाला सांगू नकोस," आजी म्हणाली. "परक्याच्या वहीत खरं नाव गेलं की मरण माग काढत येतं. गाव सांगू नकोस. न्वाइक्पो म्हण, पुरे."

सहा मैल ती त्याला पाठीशी बांधून चालली. दवाखान्याच्या दारात एक नन वही घेऊन बसली होती आणि शेजारी आमच्या बोलीत विचारणारी एक मुलगी होती. नाव? न्वाइक्पो. गाव? उदेयाकू गप्प राहिली. मुलीने लिहून घेतलं, त्याच्या मनगटाला कापडी पट्टी बांधली आणि हातात एक बिस्किट दिलं. ट्रक सुटला तेव्हा ओबियेफुना बहिणीकडे बघत नव्हता, बिस्किटाकडे बघत होता. यासाठी ती त्याच्यावर अजून थोडीशी रागावलेली होती.

आजी पंधरा दिवसांत गेली. आई महिन्याने आली, कमरेच्या गाठीत मूठभर मीठ घेऊन, आणि बसायच्या आधी तिने विचारलं, की नाव नीट सांगितलंस ना, वडिलांचं, गावाचं? उदेयाकूने मान हलवली. हो म्हणाली. त्यापुढचं तिने कुणाला तर नाहीच, स्वतःलाही कधी सलग सांगितलं नव्हतं. शेवटच्या पुस्तकाला तिने तीनऐवजी चार पिना मारल्या.

सोमवारी वर्गाने सदुसष्टवरून सत्तरवर उडी मारली. सत्तराव्या पानावर नव्या राज्यांची यादी होती. मुलांनी टाचलेल्या पानांवर बोटं फिरवली, फटीतून आत डोकावून पाहिलं, आणि मागच्या बाकावर कुजबूज झाली, की क्वाशीमुळे. उदेयाकूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. याचंही तिला तसं वळण होतं.

मधल्या सुट्टीत ओलू स्टाफरूमच्या दाराशी आली. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला अकारा.

"मॅडम, पिना माझ्यामुळे लागल्या ना? मी जेवते आता," ती म्हणाली. "तुम्ही काढा त्या. सगळ्यांसमोर खाऊन दाखवते." आणि तिने खरोखरच वड्याचा एक मोठा घास घेतला आणि तो गिळता येईना म्हणून तशीच गाल फुगवून उभी राहिली.

उदेयाकूने तिला पाणी दिलं. का जेवत नव्हतीस, असं विचारलं. ओलू घोट घोट पाणी प्यायली.

"त्या मुलाला बघून खाताच येईना. पण असं बंद करून काय होणार मॅडम? तो आतच आहे ना."

"पिना तुझ्यामुळे नाही लागल्या, ओलू."

"सगळे तेच म्हणतात."

"मी सांगते ना, नाही."

"मग कुणामुळे?"

घंटा झाली, ओलू निघून गेली, तरी तो प्रश्न तिथेच होता. आपल्यामुळे काहीतरी बंद झालं असं एखाद्या पोरीच्या मनाने घेतलं, की ती ते किती वर्षं वागवू शकते, याचा हिशेब उदेयाकूला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नव्हती. त्या दिवशी बसमधून घरी जाताना तिने एकाही पुरुषाचा कोपर पाहिला नाही. ती एजिमोफोरला विचारायला गेली नाही, कारण तो काय म्हणेल हे तिला माहीत होतं आणि त्याचं चुकत होतं असंही तिला म्हणता येत नव्हतं.

बुधवारी तिने वर्गात जाऊन पुस्तकं काढायला सांगितली.

"पिना काढा. नखाने काढा, पान फाडायचं नाही."

बेचाळीस पोरं पिना काढायला लागली. वर्गात बारीक किटकिट सुरू झाली, कुणाचं नख मोडलं, कुणी दातांनी काढायला लागला म्हणून त्याला दटावावं लागलं. पिनांचे छोटे ढीग बाकांवर जमले. उदेयाकू पुढच्या बाकाशी गेली आणि ओलूला म्हणाली, सरक जरा. ओलू सरकली. मॅडम बाकावर बसली. मास्तरीण बाकावर बसते हे वर्गाने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मागची पोरं उभी राहून बघायला लागली.

तिने सांगायला सुरुवात केली. आजी, मीठ, तेल, पाठीशी बांधलेला भाऊ, वही, दोन नावं. न्वाइक्पो म्हटल्यावर दोघा-तिघांच्या तोंडावर हसू आलं, ते तिने पाहिलं आणि सांगत राहिली. मागच्या बाकावरच्या ओसिताने मध्येच हात वर केला. उंच, गरम डोक्याचा मुलगा.

"मॅडम, पण हे सगळं केलं कुणी? आपल्यावर ही वेळ कुणी आणली?"

"ते सांगणार आहे, पुढचे चार तास तेच सांगणार आहे," उदेयाकू म्हणाली. "आज आधी मी काय केलं ते ऐक."

ओसिता खाली बसला.

"युद्ध संपलं तेव्हा बाहेर नेलेली मुलं विमानाने परत आणली. मी नऊ वर्षांची होते. ज्यांच्या घरचं कुणी सापडत नव्हतं अशा मुलांची यादी चर्चमध्ये आली. प्रार्थना संपली की गुरुजी एकेक नाव वाचायचे आणि थांबायचे. ज्यांचं मूल असेल त्यांनी उठून म्हणायचं, आमचा आहे, आमची आहे. बस, एवढंच म्हणायचं. आई दर रविवारी माझा हात धरून पहिल्या बाकावर जाऊन बसायची. आणि एका रविवारी गुरुजींनी त्याचं नाव वाचलं."

"ओबियेफुना?" ओलूने विचारलं.

"नाही. ते दुसरं. आणि सगळी पोरं हसली. उकिरड्यावरचं पोर विमानाने फिरून आलं म्हणून हसली. मोठी माणसंही हसली, तेव्हा लोकांना हसायला काहीही पुरायचं. आई नाही हसली. असल्या नावाची पोरं गावोगाव होती, आणि मी खरं नाव सांगितलंय असं धरून ती डोळे मिटून तिने ठेवलेल्या नावाची वाट बघत होती. गुरुजी थांबले. आईचा दंड माझ्या दंडाला लागला होता."

"मग तुम्ही उठलात?"

"नाही."

"का मॅडम?"

उदेयाकूने समोरच्या पिनांचा ढीग बोटाने सारखा केला.

"मार बसेल म्हणून," ती म्हणाली. "टाकाऊ नाव सांगितलं त्याची एक थोबाडीत. आईशी खोटं बोलले त्याची दुसरी. तिच्या मागे तेल सांडून त्याला भाजवलं त्याची तिसरी, कारण गुरुजींनी तो डागही वाचला होता आणि आईला त्या डागाचं काहीच माहीत नव्हतं. तीन होत होत्या. मी मोजल्या. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू."

पुढच्या रविवारी यादी वाचली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ज्यांचं कुणी नाही अशी मुलं कुणी घेतील त्यांना देऊन टाकली, असं कानावर आलं. उदेयाकू बावीस वर्षांची झाल्यावर तिने लपून पत्रं लिहिली, तेव्हा कागदपत्रं आता नाहीत असं उत्तर आलं. आईची समजूत अशी, की नाव यादीत आलंच नाही त्या अर्थी तो समुद्रापलीकडेच राहिला. तिकडे फ्रेंच बोलतात म्हणून तिने फादरकडून त्या भाषेतले तीन शब्द शिकून घेतले, ये, बैस आणि जेव. तो येईल आणि त्याला आपली बोली कळणार नाही, निदान एवढं तरी म्हणता यावं. भांडी घासताना ती ते पुटपुटायची. चौतीस वर्षं पुटपुटत होती.

"आणि मी ऐकायचे," उदेयाकू वर्गाला म्हणाली. "तो इथेच होता. याच देशात, परत आणलेल्या मुलांना ठेवलं होतं तिथे, चार तासांच्या वाटेवर. त्याला आपलीच बोली येत असणार. आता छप्पन-सत्तावन्नचा असेल. मला त्याला एकदा बघायचंय, दुसरं काही नको. रोज सकाळी उठले की मला तेच हवं असतं."

मागच्या बाकावरचा, पहिल्या दिवशी ज्याने फोटोला क्वाशी म्हटलं होतं, तो पुस्तकातल्या त्या मुलाच्या फोटोवर हाताचा पंजा पालथा घालून बसला होता. ओलूने विचारलं, शेवटी आईला सांगितलंत का? उदेयाकूने मान हलवली, नाही.

नववीचा वर्ग शांत आहे याचा अर्थ काहीतरी भानगड आहे, हे एजिमोफोरला इतक्या वर्षांच्या नोकरीत समजलं होतं. म्हणून तो बघायला आला होता, आणि दारात कधीचा उभा होता. मुलांनी त्याला पाहिलं तशी ती धडपडत उभी राहायला लागली. त्याने हातानेच बसा म्हणून खुणावलं. त्याची नजर बाकांवरच्या पिनांवरून फिरली. उदेयाकूने त्याच्याकडे पाहिलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

"मला ते पाठ आहे," एजिमोफोर म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"गुरुजींनी वाचलेलं. सगळं पाठ आहे. आम्ही वर्षभर त्याची नक्कल करायचो. आंब्याच्या झाडाखाली सगळी पोरं जमायची आणि म्हणायची, एजी, ते उकिरड्याचं म्हण. मी नाकातून म्हणायचो. लोळायची हसून." त्याने चष्मा काढला आणि परत घातला. "ते कुणाचंतरी मूल होतं हे डोक्यातच आलं नाही, उदे. चर्चमध्ये आधी हसलो तो मीच. माझं बघून बाकीचे हसले."

मुलांसमोर त्याने तिला कधी उदे म्हटलं नव्हतं. मग तो आत आला, फळ्यासमोर, जिथे शिक्षक उभे राहतात तिथे उभा राहिला, आणि हात बाजूला सोडून, नाकातून नाही, स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला:

"न्वाइक्पो. मुलगा. वय अंदाजे सहा. गाव माहीत नाही. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग."

आणि गुरुजी थांबायचे तसा थांबला.

कुणीही हसलं नाही. ओलूने गुडघे आखडून घेतले आणि वाट करून दिली. उदेयाकू बाकाला धरून उठली आणि सरळ उभी राहिली.

"आमचा आहे," ती म्हणाली.